मन्या, डिस्क घ्यायच्या आधी हे वाच

प्रिय मन्या,

काल फोनवर तू म्हणाला की घरच्या सर्व्हरमध्ये दोन सस्त्या डिस्क टाकतो, मिरर करतो, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा, विषय संपला, अन् मी जरा चढ्या आवाजात बोललो. वाईट वाटून घेऊ नको बे. पण त्या सर्व्हरवर काकांच्या कीर्तनाच्या कॅसेट जाणार आहेत, नागपुरात महालातल्या तुमच्या वाड्यात त्या कीर्तनांना मी पण मांडी घालून बसलेलो आहे, त्यामुळे मला हे हलक्यात घेताच येत नाही. म्हणून म्हटलं नीट लिहूनच काढतो.

पहिले सांगतो की डेस्कटॉपवाली कोणतीही डिस्क उचलून आणू नको. मी तेच केलं होतं. मागच्या मे महिन्यात माझ्या तीन डिस्कपैकी एक गेली, मी घाईघाईत सीताबर्डीवर जाऊन दुकानात जी ४ टीबीची मिळाली ती आणली अन् लावली, झेडएफएस, म्हणजे माझ्या डिस्क सांभाळणारं सॉफ्टवेअर, तिच्यावर डेटा परत भरायला लागलं तर सुरुवातीचे काही तास मस्त स्पीड, मग एकदम बसली. चार दिवस झाले तरी संपेना, मधेच डिस्क उत्तरच द्यायची नाही. अन् हे चालू असताना उरलेल्या दोनपैकी एक जरी गेली असती तर सगळंच गेलं असतं, मी रात्री उठून उठून बघत होतो. शेवटी ती काढली, दुसरी मागवली, ती साधारण चौदा तासात भरून मोकळी.

फरक काय होता तर पहिली एसएमआर होती, दुसरी सीएमआर. आपल्याकडच्या जुन्या घराचे कवेलू आठव. एकावर एक चढवलेले असतात, म्हणून कमी जागेत जास्त बसतात, पण मधला एक बदलायचा तर त्याच्यावर चढलेले सगळे उचलावे लागतात. एसएमआरमध्ये डेटाचे ट्रॅक, म्हणजे डेटा लिहायच्या रेघा, तसेच एकमेकांवर चढवलेले असतात. वाचायला काही त्रास नाही, थोडं थोडं लिहायलाही चालतं, पण रेड रिबिल्डसारखं, म्हणजे जोडलेल्या डिस्कपैकी गेलेलीचा डेटा नवीवर परत भरायचं, तासन् तास लिहायचं काम आलं की डिस्कला मागचं उचलून परत लावत बसावं लागतं. सीएमआरमध्ये ट्रॅक वेगवेगळे, ही भानगडच नाही. अन् नुसतं 'नॅस'साठी, म्हणजे अशा घरच्या फाईल सर्व्हरसाठी, असं लिहिलेलं पाहून भुलू नको, २०२० मध्ये उघड झालं होतं की वेस्टर्न डिजिटल कंपनीच्या 'रेड' नावाच्या सिरीजमधल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर आहेत अन् ग्राहकांना ते सांगितलंच नव्हतं, नंतर त्यांनी सीएमआरवाल्यांना रेड प्लस असं वेगळं नाव दिलं. तेव्हा रेड प्लस घे नाहीतर सीगेटची आयर्नवुल्फ घे, दोन्ही सीएमआर आहेत, पण बॉक्सवरचा मॉडेल नंबर कंपनीच्या डेटा शीटशी जुळवूनच पैसे दे.

७२०० आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला तेवढे फेरे घेणाऱ्या डिस्कच्या, मागे लागू नको. तुझं घरातलं नेटवर्क गिगाबिट, म्हणजे सेकंदाला ११० एमबीच्या आसपास, तेवढं तर ५४०० ची डिस्कही आरामात देते अन् ती कमी तापते. तू पुण्यात असशील बाबा, पण सर्व्हर तर तू महालातच आईजवळ ठेवणार आहेस ना, अन् इथला मे तुला माहीत आहे. पारा ४५ च्या वर, बंद खोलीत ४० सहज, डिस्क त्याच्याहून दहा-बारा डिग्री वरच चालते. माझी ५२ पर्यंत गेलेली मी पाहिली, तेव्हापासून सर्व्हरच्या डब्यासमोर १२० एमएमचा पंखा लावलाय अन् डबा मधल्या खोलीत हलवलाय. कूलरच्या झोतात मात्र ठेवू नको, ती दमट हवा त्याला चांगली नाही. यूपीएस हवाच, अन् यूएसबीने जोड, म्हणजे लाईट जास्त वेळ गेली तर सर्व्हर स्वतःच नीट बंद होतो, आईला धावपळ नको.

डिस्क आल्यावर लगेच डेटा टाकू नको. स्मार्ट रिपोर्टमध्ये, म्हणजे डिस्क स्वतःची जी नोंद ठेवते त्यात, पॉवर ऑन अवर्स बघ, ती किती तास चालली ते कळतं, नवीन डिस्कवर हजारो तास दिसले तर परत कर. मग लाँग टेस्ट, म्हणजे पूर्ण डिस्कची तपासणी, रात्रभर चालू दे. दोन्ही डिस्क एकाच दुकानातून एकाच लॉटच्या घेऊ नको, सोबत जन्मलेल्या असल्या तर सोबत जायची भीती.

आता खरी गोष्ट. मिररने एक डिस्क गेली तर सर्व्हर चालू राहतो, एवढंच. घरातच पाणी शिरलं तर दोन्ही सोबत जातात. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा माझ्या मावशीच्या घरात कंबरेइतकं पाणी होतं. अल्बम, कॉम्प्युटर अन् कॉम्प्युटरचा बॅकअप घेतलेली डिस्क, सगळं एकाच कपाटाच्या खालच्या खणात. मावसोबांचा एकही जुना फोटो आता तिच्याकडे नाही. ती अजूनही त्या कपाटाकडे बघत बसते, मला ते बघवत नाही.

अन् हिशोब करून बघितला रे. काकांच्या ९० कॅसेट, प्रत्येक ९० मिनिटांची धरली, वेव्ह फाईलमध्ये तासाला साधारण ६३५ एमबी, म्हणजे सगळ्या मिळून ८५-८६ जीबी! तू ८ टीबीच्या गोष्टी करून राहिलास, त्यातलं बहुतेक सिनेमे अन् फोनचे व्हिडिओ. जे परत मिळणार नाही ते एका छोट्या डिस्कवर मावतं. ४ टीबीच्या दोन घे, उरलेल्या पैशात एक साधी १ टीबीची बाहेरची हार्ड डिस्क घे. कपाटात पडून राहणार आहे म्हणून एसएसडी नको, वीज न मिळता वर्षानुवर्षं पडून राहिली तर तिच्यातला डेटा उडू शकतो.

तान्हा पोळ्याला येशील तेव्हा ती रिकामी डिस्क घेऊन ये, आपण दोघं बसून कॅसेटची कॉपी करू अन् ती तू पुण्याला घेऊन जा. माझी पण एक घेऊन जा, आमच्या घरचे फोटो आहेत त्यात, तुझ्या कपाटात वरच्या खणात ठेव. दर वर्षी अदलाबदल करू. कॅसेट प्लेयरचं हेड मी साफ करून ठेवतो, काकांच्या त्या नारदीय कीर्तनाच्या कॅसेटपासून सुरू करू, ती सगळ्यात जुनी आहे अन् फीत सैल झालीय असं काकू म्हणत होत्या.

तुझा,
विन्या