‘तोटा तर काही नाही’ हे वाक्य मागे घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला माशाच्या तेलाच्या कॅप्सूलवरचा लेख वाचला. या कॅप्सूलने हृदय बळकट होते हा त्याचा एकूण सूर. तेवढ्यावर मी पत्र लिहायला बसले नसते. पण शेवटी ‘फायदा नाही झाला, तरी तोटा तर काही नाही’ असे जे ठोकून दिले आहे, ते वाचून राहवले नाही. हे वाक्य चूक आहे, आणि त्यावर विश्वास ठेवणारा माणूस आमच्या घरात आहे.

माझे थोरले बंधू, आमचे दादा, यांनी अशाच एका लेखाचे कात्रण ठेवले होते. त्या जोरावर, डॉक्टरांना न विचारता, सकाळी दोन आणि रात्री दोन कॅप्सूल सुरू झाल्या. एका पहाटे छातीत धडधड सुरू झाली ती थांबेना. वहिनींनी नाडीवर बोटे ठेवली तर ठोक्यांना ताळमेळच नाही. एक लवकर, एक उशिरा, मध्येच दोन लागोपाठ. ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर, निघाले. कोणती औषधे चालू आहेत, असे विचारल्यावर दादांनी रक्तदाबाची गोळी तेवढी सांगितली. कॅप्सूलचे नावही काढले नाही. काढणार कसे? घरी औषधांचा डबा कपाटात असे आणि ही बाटली जेवणाच्या टेबलावर, मीठ-साखरेशेजारी. त्यांच्या लेखी ते औषध नव्हतेच. दुसऱ्या दिवशी वहिनींनी बाटली नेऊन दाखवली, तेव्हा कुठे कॅप्सूल बंद झाल्या.

कॅप्सूलमुळेच हे झाले असे कोणी छातीठोकपणे सांगणार नाही, मीही सांगत नाही. वय होते, रक्तदाब होता. पण हृदयात गुठळी होऊन पक्षाघात होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी आता त्यांच्या मागे लागली आहे. हा धोका आधी कळला असता, तर चार-चार कॅप्सूल घेण्यापूर्वी त्यांनी डॉक्टरांना एकदा तरी विचारले असते.

आणि हा धोका काही लपलेला नाही. लेखात ज्या ‘रिड्यूस-इट’ चाचणीचा दाखला आहे, तिच्यातच तो आहे. 2018 साली जाहीर झालेल्या या चाचणीत 8,179 रुग्ण होते आणि हृदयविकाराच्या गंभीर घटना 25 टक्क्यांनी कमी झाल्या, इतकेच आपण छापलेत. एट्रियल फिब्रिलेशन किंवा फ्लटर (ठोक्यांचा तसाच एक बिघाड) यांसाठी रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत 3.1 टक्के आणि इतरांत 2.1 टक्के होते, हे गाळलेत. शिवाय ते औषध म्हणजे शुद्ध केलेले ईपीए (माशाच्या तेलातले एक ओमेगा-3 मेदाम्ल), रोज 4 ग्रॅम, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे, आणि तेही ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) वाढलेल्या, आधीच स्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी घेणाऱ्या रुग्णांना दिलेले. तुलनेच्या गटाला दिलेले खनिज तेलच अपायकारक ठरून औषधाचा फायदा फुगलेला दिसला का, हा वाद वेगळाच. 2020 साली 13,078 रुग्णांच्या ‘स्ट्रेंग्थ’ चाचणीत ईपीए आणि डीएचए (दुसरे ओमेगा-3 मेदाम्ल) मिळून तितकाच डोस, मक्याच्या तेलाशी तुलना करून दिला. फायदा दिसण्याची चिन्हे नाहीत म्हणून ती चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली. अनियमित ठोक्यांचे प्रमाण तिथेही वाढलेलेच होते.

दुकानातल्या साध्या कॅप्सूलवर ‘1000 मिलिग्रॅम’ असे ठळक लिहिलेले असते. ते तेलाचे वजन. बाटली फिरवून मागची बारीक अक्षरे वाचली तर बहुधा ईपीए 180 आणि डीएचए 120, म्हणजे ओमेगा-3 अवघे 300 मिलिग्रॅम. चाचणीतला 4 ग्रॅमचा डोस गाठायला अशा तेरा-चौदा कॅप्सूल लागतील. 25 टक्क्यांचा आकडा त्या एका कॅप्सूलला चिकटवणे ही वाचकाची दिशाभूल आहे. रोज एक ग्रॅमची कॅप्सूल मधुमेह असलेल्या 15,480 जणांना सरासरी सात वर्षांहून अधिक काळ देऊन पाहिली होती (‘असेंड’, 2018). गंभीर घटना 8.9 टक्के, ऑलिव्ह तेल घेणाऱ्यांत 9.2 टक्के. हा फरक संशोधकांनी फायदा म्हणून धरला नाही. उलट 2021 साली सात चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र केले तेव्हा एट्रियल फिब्रिलेशनचा धोका रोज एक ग्रॅमपेक्षा जास्त ओमेगा-3 घेणाऱ्यांत 49 टक्के आणि एक ग्रॅम किंवा त्याहून कमी घेणाऱ्यांत 12 टक्के वाढलेला दिसला. दादांच्या चार कॅप्सूल म्हणजे 1,200 मिलिग्रॅम.

ट्रायग्लिसराइड फार वाढले तर डॉक्टर ओमेगा-3 देतात, त्याला माझा विरोध नाही. मासे खाण्यालाही नाही. पण ती वेगळी गोष्ट आहे, आणि लेखात सगळ्याची सरमिसळ केली आहे.

आणखी एक. लेखाच्या बरोबर खाली अशाच कॅप्सूलची अर्धे पान जाहिरात होती. लेख कुठे संपला आणि जाहिरात कुठे सुरू झाली, हे मला दोनदा पाहावे लागले. आरोग्याच्या पानावर हे शोभत नाही.

दुरुस्ती त्याच पुरवणीत, त्याच पानावर आणि तेवढ्याच ठळक अक्षरांत छापावी, ही विनंती. मागे मी पाठवलेल्या पत्रातला मजकूर कापून आपण फक्त सुरुवातीची कौतुकाची दोन वाक्ये छापली होती. या वेळी जागा कमी पडली तर दादांची हकिकत कापा, आकडे कापू नका.

आपली,
एक नियमित वाचक