दोन पोरांची घसरण

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, 'एवढा निकाल घसरलेल्या सरकारी शाळेत नात ठेवणार का?' असं तुम्ही विचारलंत आणि मी फोनच ठेवून दिला. चुकलं माझं. आता शांतपणे लिहितेय.

तिसरीचा निकाल 75 टक्क्यांवरून 58. आकडा बघून मीही आधी हबकले होते. मग वर्गाचा पट पाहिला. दोन्ही वर्षी बारा-बाराच मुलं. म्हणजे गेल्या वर्षी 9 जणांना नीट जमलं, यंदा 7 जणांना. सगळी घसरण दोन पोरांची! त्यातलं एक परीक्षेच्या दिवशी तापाने फणफणलेलं होतं. शिवाय गेल्या वर्षीची मुलं आता चौथीत गेली. यंदाचे बारा वेगळेच.

तुम्ही जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब तपासलेत, तुम्हाला पुरावा हवाच. अमेरिकेत थॉमस केन आणि डग्लस स्टेगर या अर्थतज्ज्ञांनी नॉर्थ कॅरोलिनातल्या शाळांचे निकाल तपासले आणि 2002 साली मांडलं, की छोट्या शाळांचे आकडे दरवर्षी जास्त हेलकावतात. त्यामुळे निकालांच्या यादीत अगदी वरही त्याच जास्त दिसतात आणि अगदी तळाशीही.

आई, तुझी काळजी पटाची, शाळेत मुलंच कमी उरल्याची. ती मात्र मला पटते. तसं मुलं कमी म्हणजे शिकणं कमी, असं नसतं. अमेरिकेतल्याच टेनेसी राज्यात 1985 पासून चार वर्षं प्रयोग झाला, त्यात 13 ते 17 मुलांच्या वर्गातली मुलं 22 ते 25 च्या वर्गांपेक्षा वाचनात आणि गणितात पुढे राहिली. पण तिथे प्रत्येक वर्गाला आपला शिक्षक होता. छोट्या गावात पट उतरला की शिक्षकाचं पद जाऊ शकतं, मग दोन इयत्ता एका खोलीत बसतात. ते बघून आणखी दोन घरं दाखला काढतात, की पट पुन्हा खाली. यात शिकवणाऱ्याचा दोष असतोच असं नाही; गावात जन्मच कमी झाले तर बिचारे बाई-मास्तर काय करणार?

सोमवारी शाळेत जातेय. टक्के विचारणार नाही. हीच बारा मुलं दुसरीत कशी वाचत होती आणि आता कशी वाचतात, ते विचारीन. पुढच्या वर्षी तिसरी-चौथी एकत्र बसवणार का, हेही. 'हो' म्हणाले, तर बाबा, मीच तुम्हाला फोन करीन. आणि ठेवणार नाही.

तुमची,
लेक