अंदमानात सॅक घेऊन उतरणाऱ्यांसाठी

मा. संपादक,

दिवाळी जवळ आली की पर्यटन पुरवण्यांत अंदमान हमखास येते. सेल्युलर जेल, राधानगरचा सूर्यास्त, स्कूबा आणि हॉटेलांचे दर. टूर कंपनीच्या बसमधून फिरणाऱ्याला तेवढे पुरते. पण सॅक पाठीवर टाकून, सरकारी बोटीचे तिकीट काढून हॅवलॉक (आता स्वराज द्वीप) आणि नील (आता शहीद द्वीप) पालथी घालणारी मराठी मुले-मुलीही आता बरीच आहेत. तिथला सूर्य कधी मावळतो आणि पाणी कधी चढते, हे त्यांना कोणी सांगत नाही. तिथल्या प्राण्यांशी नको तेव्हा गाठ पडते ती बहुधा या दोन वेळा चुकल्यामुळे.

आधी सूर्य. अंदमान मुंबईच्या जवळजवळ वीस रेखांश पूर्वेला आहे, घड्याळ मात्र तेच. डिसेंबरात मुंबईत सहाच्या सुमारास होणारा सूर्यास्त तिथे पाचच्या आसपास होतो आणि साडेपाचला अंधार. आपण मात्र ‘अजून पाचच तर वाजलेत’ म्हणून पाण्यातच असतो. खाऱ्या पाण्यातली मगर याच वेळी हालचाल सुरू करते. सांगलीच्या कृष्णेत किंवा चिपळूणच्या वाशिष्ठीत दिसते ती मगर वेगळी. अंदमानातली जात तिच्यापेक्षा मोठी, नर पाच मीटरच्या पुढेही जातो, आणि ती कांदळवनातून निघून समुद्रात पोहत दुसऱ्या बेटावर जाऊ शकते. त्यामुळे ‘इथे तर मोकळा समुद्र आहे’ हा दिलासा खोटा. 2010 मध्ये हॅवलॉकवरच्या राधानगर किनाऱ्याला लागून असलेल्या नील्स कोव्ह इथे स्नॉर्कलिंग करणाऱ्या एका परदेशी पर्यटक तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला, तो असाच सुंदर, निवांत कोपरा होता.

म्हणून किनाऱ्यावर गेल्यावर आधी ओढा किंवा खाडीचे तोंड कुठे आहे ते शोधावे आणि त्या बाजूला पाण्यात उतरू नये. सकाळी उजाडेपर्यंत आणि दुपारी साडेचारनंतर पाण्याबाहेर. मासळी साफ करणे, खरकटी भांडी धुणे काठावर नको. रोज त्याच वेळी त्याच जागी काठाशी जाणेही नको, कारण मगर दडून पाहते आणि सवय ओळखते. दक्षिण अंदमानातल्या वंडूर आणि कॉर्बिन्स कोव्ह किनाऱ्यांवर पोहण्यासाठी जाळी लावून जागा राखली आहे, पोहायचे तर तिथे पोहावे. सूचनाफलकाशेजारी उभे राहून सेल्फी काढणारे आणि मग त्याच पाण्यात उतरणारे पाहिले की आपल्याकडचे धबधबे आठवतात.

आता पाणी. कोकणात ‘तिथीची पाऊणपट’ करून भरतीची वेळ काढतात. तो हिशेब अंदमानला जसाच्या तसा लावू नये, तिथले भरतीचे कोष्टक वेगळे आहे. उधाणाला पाणी दोनेक मीटर चढते-उतरते. मुंबईच्या मानाने हे कमी, पण किनारा उथळ असल्यामुळे फरक मोठा दिसतो. हॅवलॉकच्या एलिफंट बीचला रस्त्यावरून जंगलातून चालत जाणाऱ्यांनी परतीची वेळ भरतीवर ठरवावी. शेवटचा टप्पा कांदळवनाच्या मुळांतून जातो आणि पाणी चढल्यावर पाय कुठे पडतोय ते दिसत नाही. पावसानंतर त्या वाटेवर जळवाही असतात. त्यांना ओढून काढू नये. नखाने तोंडाकडून सरकवून सोडवावे.

नीलच्या लक्ष्मणपूर-2 इथला निसर्गाने घडवलेला दगडी पूल ओहोटीलाच नीट पाहता येतो. खडकांतल्या डबक्यांत पाहावे तितके थोडे. पण तिथे एक दृश्य ठरलेले असते: कोणीतरी समुद्रकाकडी (काकडीसारखा दिसणारा मऊ सागरी प्राणी) उचलतो, ती हातोहात फिरते आणि फोटो निघतात. घाबरलेली समुद्रकाकडी कधी कधी आपली आतडीच बाहेर टाकते, फोटोत ते येत नाही. ती, प्रवाळ आणि अनेक शंख 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत. हात लावू नये आणि दुसऱ्याने काढून दिली तरी घेऊ नये.

त्याच डबक्यांत स्टोनफिश बसलेला असतो. शेवाळलेल्या दगडासारखा दिसणारा हा मासा हलतच नाही. पाय पडला की पाठीचे विषारी काटे घुसतात. पातळ चप्पल उपयोगाची नाही, जाड तळाचे बूट हवेत. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम, साधारण 45 अंशांच्या पाण्यात पाय तीस ते नव्वद मिनिटे बुडवावा. या विषाची वेदना उष्णतेने कमी होते. पाणी किती गरम आहे ते दुखऱ्या पायाने नव्हे, चांगल्या हाताने तपासावे. बधिर पाय भाजल्याचे कळत नाही. नंतर डॉक्टर गाठावाच.

जेलीफिश डसली तर गोड्या पाण्याने धुवायचे नाही, त्याने उरलेल्या डंखपेशी फुटतात. समुद्राच्या पाण्याने धुवावे आणि घातक बॉक्स जेलीफिशचा संशय असेल तर अर्धा मिनिट व्हिनेगर ओतत राहावे. प्रवाळाने कापले तर मात्र साबण आणि भरपूर गोडे पाणी, कारण प्रवाळाचे कण आत राहिले की त्या दमट हवेत जखम पिकते. ती भरेपर्यंत समुद्रात उतरू नये.

साप फारसे दिसत नाहीत, पण एक गोष्ट माहीत असावी. आपल्याकडे हाफकिनसारख्या संस्था जी सर्पदंशावरची लस बनवतात ती नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांसाठी असते. अंदमानात घोणस, फुरसे नाहीत. तिथला नाग व मण्यार वेगळ्या जातीचे आहेत, शिवाय झाडावरचा चापड्या आहे, आणि त्याच्यावर ही लस चालत नाही. रात्री टॉर्चशिवाय पाऊल टाकू नये. चावल्यास कापणे-चोखणे न करता, तो भाग न हलवता रुग्णालय गाठावे. गोम मात्र नक्की भेटते. बूट झटकून घालावेत, सॅक जमिनीवर न ठेवता टांगावी.

सर्वाधिक त्रास देते ती सँडफ्लाय नावाची चिमुकली माशी. वारा पडला की पहाटे-संध्याकाळी वाळूलगत उडते. वाळूवर टॉवेल टाकून बसणाऱ्याला दुसऱ्या दिवशी पायावर लाल गांधी दिसतात आणि आठवडाभर खाज सुटते. खुर्चीवर किंवा झोपाळ्यात बसावे, पायांना खोबरेल तेलाचा जाड थर द्यावा किंवा 20-30 टक्के डीट (कीटकांना दूर ठेवणारे रसायन) असलेले मलम लावावे. खाजवले की चिघळते. रात्री खाज असह्य झाली तर डॉक्टरांच्या सल्ल्याने सेट्रिझिन ही खाजेवरची गोळी.

शेवटी शंखांबद्दल. रात्री टॉर्च टाकलात तर किनाऱ्यावर शंख चालताना दिसतात. आत खेकडा असतो, वाढला की मोठा शंख शोधत फिरतो. चांगले शंख पर्यटकांच्या खिशात गेल्यामुळे बाटलीचे झाकण पाठीवर घेऊन चालणारा खेकडाही दिसतो. सॅकमध्ये लपवलेले शंख आणि प्रवाळ परतीच्या विमानतळावरच्या तपासणीत निघतात, आणि मग ‘वाळूवर पडला होता’ हे उत्तर चालत नाही.

पुरवणीत पुढच्या वेळी अंदमान आले तर हॉटेलांच्या दरांशेजारी तिथली भरती-ओहोटी आणि सूर्यास्ताची वेळ एवढी चौकट द्यावी, ही विनंती.

— एक वाचक, रत्नागिरी