विषय: बोर्ड तुमचा, मेनू तुमचा, अन् छेडछाड मी केली म्हणे

सर्व्हिस मॅनेजर साहेब,

आत्ताच तुमच्या कस्टमर केअरचा फोन ठेवला, डोकं गरम आहे म्हणून जसं सुचतंय तसं लिहायलोय. कॉम्प्युटरचा मदरबोर्ड काय, एक्सपो काय हे तुम्हाला समजावत बसत नाही, बोर्ड तुम्हीच बनवता असं ऐकून आहे.

डीडीआर५ च्या १६ जीबीच्या दोन रॅम, ६००० स्पीडच्या. आधी ४८०० वर नीट चालायल्या. परभणीत लग्नाचे फोर-के व्हिडिओ एडिट करतो मी, तेव्हा ६००० चे पैसे देऊन ४८०० वर कामून चालवू? तुमच्याच बायोसमधे, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगच्या मेनूत, एक्सपो (रॅम तिच्या ६००० स्पीडला चालवायचं बटण) चालू केलं, सेव्ह केलं, रिस्टार्ट. तेव्हापासून स्क्रीन काळी. फॅन फिरतात अन् बोर्डावरचा डीरॅमचा लाईट, रॅमपाशी अडलंय सांगणारा, पेटून बसतो. मेमरी ट्रेनिंगला, म्हणजे बोर्डाला रॅम जुळवून घ्यायला, वेळ लागतो हे माहितीये, म्हणून रात्रभर तसंच सोडलं. मग प्लग काढून जंपरनं सीमॉस क्लिअर (बायोसच्या सेटिंग परत मूळच्या), सेल काढून ठेवला, एकच रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमधे, मग दुसरी रॅम, पेनड्राइव्ह फॅट३२ करून फ्लॅशबॅकनं, स्क्रीन नसली तरी चालतं त्या सोयीनं, नवीन बायोस पण टाकलं. लाईट जागचा हलला नाही. शेवटी दुकानदारानं माझ्या दोन्ही रॅम अन् प्रोसेसर दुसऱ्या बोर्डावर लावले तर ६००० ला मस्त चालले. आता मागं राहिलं काय ते तुम्हीच सांगा.

एवढं सगळं तुमच्या माणसाला सांगितलं, तर तो म्हणतो, "सर, विंडोजमधे आपलं सॉफ्टवेअर उघडून रिपोर्ट पाठवा." म्हटलं भाऊ, स्क्रीनच येत नाही. म्हणे, "बरं, विंडोज चालू झाल्यावर पाठवा." चालू झाल्यावर मी तुम्हाला कशाला फोन करू, आरती ओवाळायला? मग विचारतो कुठून बोलताय. परभणी म्हटल्याबरोबर, "अच्छा अच्छा, सर तिकडं व्होल्टेजचा प्रॉब्लेम असतो ना." म्हटलं यूपीएस आहे, चांगला एसएमपीएस (पॉवर सप्लाय) आहे, अन् व्होल्टेजच बघायचं तर रॅमचं बघा, एक्सपोत १.१ व्होल्टचं १.३५ होतं ते तुमचा बोर्डच करतो, महावितरण नाही. थोडा वेळ शांत. मग कागदावरचं वाचल्यासारखं, "सर, एक्सपो म्हणजे ओव्हरक्लॉकिंग, ठरल्यापेक्षा जास्त स्पीडला चालवणं. तुम्ही सेटिंगमधे छेडछाड केली, वॉरंटी बसणार नाही."

छेडछाड! बोर्डाच्या खोक्यावर रॅमचा स्पीड ६४००+ छापला कुणी, मी? तुमच्या साईटवरच्या क्यूव्हीएल लिस्टमधे, म्हणजे तुम्हीच तपासलेल्या रॅमच्या यादीत, माझ्या रॅमचा अक्षरशः तोच मॉडेल नंबर ६००० पुढं लिहिलाय. बायोस उघडल्या-उघडल्या पहिल्या पानावर एक्सपोचं बटण दिलंय. म्हटलं हे सगळं कशासाठी मग, तर म्हणे, "सर, पुढं कंसात ओसी, म्हणजे ओव्हरक्लॉकिंग, लिहिलंय ना." म्हणजे विकताना ६४०० मोठ्या अक्षरात अन् वॉरंटीच्या वेळी कंस दाखवायचा. चांगलंय.

बरं मान्य, ६००० नसेल जमत बोर्डाला, पण मग त्यानं गुमान ४८०० वर परत यावं ना. सीमॉस क्लिअर करूनही येत नाही म्हणजे बोर्ड गेलाय. एवढं साधं तुमच्या एकालाही कळत नाही? वरून सल्ला काय, तर बोर्ड घेऊन संभाजीनगरला या. देवगिरी एक्सप्रेसमधे मांडीवर बोर्ड घेऊन बसायचं, अन् तिथं परत हेच ऐकायचं की एक्सपो कामून चालू केलं. लग्नसराई चालू आहे, लोक व्हिडिओ मागायलेत, त्यांना काय कंस दाखवू?

याआधीचा बोर्ड पण तुमचाच होता, वर्षानुवर्षं चालला, म्हणून दुकानदार दुसरा दाखवत असताना हट्टानं तुमचाच घेतला. आता माझ्याकडून कुणी बोर्ड सुचवून घेतला तर तुमचं नाव नक्की सांगतो, काय घेऊ नको म्हणून.

बोर्ड घरून उचला अन् बदलून द्या. नाहीतर ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ ला तक्रार टाकतोच, अन् २०१९ च्या ग्राहक कायद्यानं मी राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात केस लावता येते, म्हणजे या वेळी परभणीला तुम्ही यायचं. बिल, खोक्याचा अन् लाईटचा फोटो सोबत जोडलाय. अन् परत फोन करणार असाल तर ज्याला डीरॅमचा लाईट म्हणजे काय ते माहितीये अशा माणसाला करायला लावा.