आई-बाबा, तो आपल्याकडचा बेडूक नाही

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

बाबांनी पाठवलेले चारही फोटो मोठे करून पाहिले. शेजारी घर सोडून जाताना तुमच्याकडे ठेवून गेले तो बेडूक आपल्याकडचा नाही. डोळ्यांवर कातडीची छोटी टोकदार शिंगं, जवळजवळ अंगाइतकं रुंद तोंड, आखूड पाय आणि थापायच्या आधीच्या भाकरीच्या गोळ्यासारखं बसकं शरीर, म्हणजे हा दक्षिण अमेरिकेतला शिंगवाला बेडूक. दुकानात त्याला ‘पॅकमन’ म्हणतात. शिंगं ठळक आहेत, त्यावरून हा अर्जेंटिना-पॅराग्वेकडच्या ग्रान चाको भागातला क्रॅनवेल जातीचा वाटतो. पण बाजारात संकर पुष्कळ असतात, त्यामुळे त्यावर मी पैज लावणार नाही. काळजी सगळ्यांची एकच.

आपला मोठा सोनेरी-हिरवा बेडूक, इंडियन बुलफ्रॉग, असता तर पाठीवर लांब उभ्या वळ्या, निमुळतं तोंड, लांब उडीचे पाय आणि मागच्या बोटांत पूर्ण पडदे दिसले असते. भेक (खरखरीत कातडीचा टोड) असता तर डोक्यावर काळ्या कडा आणि डोळ्यांमागे फुगीर विषग्रंथी. बाथरूमच्या भिंतीवर चढणाऱ्या झाडबेडकाच्या बोटांना टोकाशी चकत्या असतात. यातलं काही इथे नाही. आपल्या रानातला प्राणी असता तर तो घरात ठेवणं योग्य नव्हतं, वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवावं लागलं असतं.

बाबा, तुम्ही शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवलंत ते फार बरं केलंत. नाणं २७ मिलिमीटरचं, बेडूक त्याच्या अडीचपट, म्हणजे साधारण सात सेंटिमीटर. मादी असेल तर बारा सेंटिमीटरपर्यंत वाढेल. नर लहान राहतो, त्याचा गळा काळपट होतो आणि तो रात्री ओरडतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, कातडीतून शोषतो, आणि श्वासही काही प्रमाणात कातडीतूनच घेतो. त्यामुळे घरातलं पाणी, हवा, तुमच्या हातावरचा साबण, सगळं थेट त्याच्या अंगात जातं. आई, त्याची टाकी देवघराच्या खोलीत नको: उदबत्ती, धूप, कापूर तिथे रोज असतो. मच्छरांची कॉइल किंवा लिक्विड मशीन त्या खोलीत अजिबात नको, कारण त्यातली कीटकनाशकं बेडकांना फार घातक असतात. त्या खोलीची फरशी नुसत्या पाण्याने पुसायला सांग, फिनाईल नको.

पाणी नळाचंच वापरा, पण त्यात क्लोरीन असतं. मासे विकणाऱ्या दुकानात ‘अँटीक्लोरीन’चे थेंब मिळतात, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घाला. बादली रात्रभर उघडी ठेवून क्लोरीन बरंचसं उडतं, क्लोरामाइन (क्लोरीनचंच जास्त टिकणारं रूप) उडत नाही, म्हणून थेंबच बरे. आरओचं पाणी शुद्ध म्हणून त्याच्या वाटीत ओतू नका. त्यातले क्षार निघून गेलेले असतात, त्यामुळे पाणी कातडीतून जास्त आत शिरतं आणि अंगातल्या क्षारांचा तोल बिघडतो. वाटी पसरट हवी आणि पाणी त्याच्या हनुवटीच्या खाली. हा बेडूक पोहण्यात कच्चा आहे, खोल पाण्यात बुडून मरतो. पाणी रोज बदला, कारण तो त्यातच घाण करतो.

राहायला दोन फुटी फिशटँक (२४ × १२ × १२ इंच) पुरेशी आहे. तळाला नर्सरीतलं कोकोपीट, पण खत न मिसळलेलं. नारळाच्या काथ्यात मीठ असतं, म्हणून वीट पाण्यात फुलवून दोन-तीनदा धुऊन पिळून घ्या. थर सात-आठ सेंटिमीटरचा हवा, कारण तो मागच्या पायांनी उलटा खणत डोळ्यांपर्यंत आत बसतो. मुठीत दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब यावा, इतकीच ओल. शेजाऱ्यांच्या डब्यातली रंगीत खडी आजच काढून टाका: भक्ष्यावर झडप घालताना खडा गिळला की आतडं अडकतं. विष्ठा दिसली की चमच्याने उचला आणि तीन-चार आठवड्यांनी सगळं कोकोपीट बदला.

उन्हाळ्याची मला जास्त काळजी आहे. याला २४ ते २८ अंश मानवतं, ३० च्या वर जीव धोक्यात. पुण्यात आता पाडव्यानंतर दुपारी ३८-४० होणार आणि हवा कोरडी पडणार. टाकी पश्चिमेच्या खिडकीजवळ किंवा टीव्हीच्या वर नको. उत्तरेकडच्या बेडरूममध्ये जमिनीलगत ठेवा. कूलर चालू असेल तर उत्तमच, गारवाही मिळतो आणि ओलही. वीज गेली तर गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून टाकीच्या बाहेरून काचेला टेकवा. जाळीचं झाकण अर्धं प्लास्टिकने झाका म्हणजे ओल टिकते, पूर्ण झाकू नका. डिसेंबरात उलटं: रात्री पारा १०-१२ वर येतो तेव्हा थर्मोस्टॅटचा हीटपॅड लागेल, पण बाजूच्या काचेला. तळाला लावला तर उकडलं की तो सवयीने आणखी खाली खणतो आणि भाजतो.

खाणं आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी. पाच-सहा रातकिडे, खाद्यासाठी पाळलेलेच. घरातली झुरळं नकोत, पेस्ट कंट्रोलचं औषध त्यांच्या पोटात असतं. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा रुंद नसावा. बाबा, तुमच्या गच्चीवरच्या गांडूळखतातली लाल गांडुळं देऊ नका, ती दाबल्यावर घाण वासाचा पिवळा द्रव सोडतात आणि बेडूक थुंकून टाकतो. बागेतल्या मातीतली मोठी गांडुळं मात्र फार चांगली, फवारणी नसलेल्या जागेतली. खिमा नको: त्यात कॅल्शियम जवळजवळ नसतं, हाडं मऊ पडून जबडा वाकतो. गोल्डफिशही नको, त्यातल्या विकरामुळे (एन्झाइममुळे) ब-१ जीवनसत्त्व नष्ट होतं. प्रत्येक खाण्यावर डी-३ असलेली कॅल्शियम पूड भुरभुरवा, पंधरवड्यातून एकदा अ जीवनसत्त्व असलेली मल्टिव्हिटॅमिन पूड. आणि लांब चिमट्यानेच भरवा. हलेल त्याला तो चावतो, खालच्या जबड्यावर दातासारखी टोकं असतात आणि पकड सोडत नाही. आई रक्त पातळ करण्याची गोळी घेते, तिने तर बोट जवळ नेऊच नये.

हातात घेण्याचा प्राणी हा नाहीच. टाकी साफ करताना उचलावं लागलंच तर ओले, नुसत्या पाण्याने धुतलेले हात. नंतर मात्र साबणाने स्वच्छ धुवा, बेडकांच्या अंगावर पोट बिघडवणारे साल्मोनेला जिवाणू असू शकतात.

दोन गोष्टींनी घाबरू नका. मधूनच तो अंग फुगवतो, जांभया दिल्यासारखं तोंड उघडतो आणि स्वतःची कातडी ओढून खातो. ती कात आहे. टाकी कोरडी पडली तर तो कागदासारख्या कोषात निपचित पडतो, मेल्यासारखा. तेव्हा क्लोरीन काढलेल्या उथळ पाण्यात ठेवा, कोष आपोआप सुटतो.

घाबरण्यासारखं हे: मांड्या आणि पोट लाल होणं, पोट पाण्याने भरल्यासारखं तटतटणं, किंवा अचानक वेड्यासारख्या उड्या मारून पाय ताठ करणं. शेवटचं बहुधा घाणीतल्या अमोनियाचं विष असतं. लगेच स्वच्छ उथळ पाण्यात ठेवा, दर काही तासांनी ते बदला आणि पशुवैद्याकडे न्या. विदेशी प्राणी तपासणारा डॉक्टर आजच शोधून नंबर फ्रिजवर लावा.

हा प्राणी दहा-पंधरा वर्षं जगतो, आणि तुमच्या गुडघ्यांचा विचार माझ्या मनात आहे. जमेनासं झालं तर मी घेऊन जाईन, संकोच करू नका. पण पाषाण तलावात किंवा नदीत सोडून देऊ नका. आपला बुलफ्रॉग अंदमानात पोचला आणि तिथले छोटे प्राणी खाऊन वाढला. शिवाय पाळीव बेडकांबरोबर कायट्रिड ही बेडकांना मारणारी बुरशी येऊ शकते, म्हणून टाकीचं पाणीही कुंड्यांत नको, संडासात ओता.

दर रविवारी आईच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर रिकामा डबा ठेवून शून्य करा, मग डब्यात बेडूक ठेवून वजन कॅलेंडरवर लिहा. हा डबा परत स्वयंपाकात नको. आणि पुढच्या फोटोत मागच्या पायाचा तळवा दाखवा, खणायचं कडक खुरपं तिथे दिसायला हवं.

तुमची लेक