पट्ट्यावरचे वळ

ती. आई-बाबा यांना,
सा. न. वि. वि.

फोनवर बाबांच्या पोटाचा विषय काढला की माझा आवाज चढतो आणि बाबा गप्प होतात. दिवाळीतही तेच झालं, आणि पुण्याला परत येताना एसटीत मला फार वाईट वाटत राहिलं. म्हणून आज लिहूनच पाठवते. आई, तू बाबांना मोठ्याने वाचून दाखव.

पाडव्याच्या सकाळी आईच्या शिवणकामाच्या टेपने मी बाबांचं पोट मोजलं. 96 सेंटिमीटर भरलं. बाबा, तुम्ही म्हणालात, "वजन साठ किलो, उंची पाच फूट चार इंच, डॉक्टरांनी बरोबर आहे म्हणून सांगितलंय. काटकुळ्या माणसाला कसली आलीय चरबी?" त्या डॉक्टरांनी तुम्हाला काट्यावर उभं केलं, तक्त्यात बघितलं आणि घरी पाठवलं. पोटाला टेप लावली नाही, रक्त तपासलं नाही. त्याचा मला राग आहे, तुमचा नाही.

तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हा मी खुंटीवरचा तुमचा पट्टा हातात घेतला. आजोबांनी घेऊन दिलेला, तोच. आतल्या तिसऱ्या भोकापाशी चामड्यावर खोल वळ उमटलाय. तो माझ्या लहानपणचा, तुम्ही सायकलवरून शाळेला जायचात तेव्हाचा. दुसऱ्या भोकापाशी एक वळ आहे, स्कूटर आल्यानंतरचा. आता पहिल्या भोकापाशी चामडं चिरायला लागलंय. या सगळ्या वर्षांत वजन किती वाढलं? चार-पाच किलो. कंबर मात्र दोन भोकं पुढे सरकली. म्हणजे मधल्या काळात मांड्या-दंडांचं मांस झडत गेलं आणि त्याची जागा पोटातल्या चरबीने घेतली. काट्याला यातला फरक कळत नाही.

मला तो रोज दिसतो. माझं काम डेक्साच्या मशीनवर. लोक येतात ते हाडं ठिसूळ झालीत का बघायला, पण पूर्ण शरीराचा स्कॅन केला तर तेच मशीन हाड, मांस आणि चरबी वेगवेगळी मोजून देतं. बारीक मनगटाची, गालफडं बसलेली माणसं टेबलावर आडवी होतात आणि पडद्यावर चरबीचा आकडा असा येतो की पहिल्या वर्षी मला मशीन बिघडलंय असं वाटायचं.

मशीन बिघडलेलं नव्हतं. इथल्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक कितीतरी वर्षं हेच सांगत आलेत. 2004 साली 'लॅन्सेट' या डॉक्टरांच्या मासिकात त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारीशेजारी फोटो छापून आला होता. उंची-वजनाच्या हिशेबाने दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, 22.3. पण युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के! बाबा, तुमचा बीएमआयही जवळपास तेवढाच येतो, म्हणून तो फोटो बघताना मला तुम्हीच दिसता.

हे पोटातच सुरू होतं, म्हणजे आईच्या पोटात. याज्ञिकांच्या गटाने 1993पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. बाळांचं वजन सरासरी 2.7 किलो, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं 3.5 किलो. आपली बाळं सगळीकडून लहान, मांसाला फार कमी, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी त्यामानाने बरीच टिकलेली. अपुऱ्या अन्नात वाढणारा जीव मेंदू आणि चरबी आधी सांभाळतो. मग बाबा, तुमच्या वेळी आजीने काय खाल्लं असेल? आणि बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही पंधराव्या वर्षी खडी फोडायला जात होतात, परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीची भाकरी आणि सुकडी खाऊन. अंगाला मांस धरायचं ते वय. ते वय उपाशी गेलं आणि पुढे चाळिशीत पोटभर अन्न आलं, बसायला खुर्ची आली. यात तुमची कसली चूक? तुम्ही आळशी झालात असं मी कधीच म्हटलेलं नाही, आणि तसं तुम्हाला वाटलं असेल तर मला माफ करा.

हे घरोघरी झालंय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयाच्या माणसांची उंची-वजनं घेतात. 2005-06 साली देशातल्या 12.6 टक्के बायका आणि 9.3 टक्के पुरुष जादा वजनाचे होते. 2019-21मध्ये बायका 24 टक्के झाल्या, पुरुष 22.9 टक्के. त्याच काळात हडकुळ्या बायकांचं प्रमाण 35.5वरून 18.7 टक्क्यांवर आलं. हे दुसरं वाचून मला खरोखर आनंद होतो. आईने पहाटे जातं ओढावं आणि विहिरीवरून तीन-तीन हंडे आणावेत, ते दिवस मला मुळीच परत नकोत. पण त्याच सर्वेक्षणात 2019-21च्या खेपेला कंबर आणि नितंबही मोजले, आणि निम्म्याहून जास्त, म्हणजे 56.7 टक्के बायकांची कंबर नितंबांच्या मानाने धोक्याच्या रेषेपलीकडे निघाली. पुरुषांत 47.7 टक्के. वजन जास्त फक्त चौघींतल्या एकीचं, आणि कंबर दोघींतल्या एकीची! तुमच्यासारखी काटकुळी माणसं या दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी आहेत, आणि त्यांना कोणी डॉक्टरकडे जा म्हणत नाही.

पोटावरची चिमटीत येते ती चरबी तेवढी वाईट नाही. आत, आतड्यांभोवती आणि यकृतात साठते तिची मला भीती वाटते. तिच्यामुळे इन्सुलिनला शरीर दाद देत नाही, साखर चढते, आणि हे सगळं काही न दुखता होतं. म्हणून आपल्या लोकांसाठी रेषा अलीकडे आणलीय: कंबर पुरुषांना 90 आणि बायकांना 80 सेंटिमीटरच्या आत हवी.

आई, तुझी मी मोजलीच नाही, तू ओट्यापाशी निघून गेलीस. पण तू पाटावरून उठताना हल्ली भिंतीला हात लावतेस, ते मी पाहिलंय. ते वयाचं म्हणून सोडून देऊ नकोस. मांड्यांतलं बळ गेलंय, आणि ते साठीनंतरही परत आणता येतं. सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलेल्या आमटीवर तू भागवतेस, ते मला बघवत नाही. मटकी, हुलगा, ताक, अंडं, जे बाबांच्या ताटात पडतं ते आधी तुझ्या ताटात पडू दे. हुलग्याचं माडगं तर तुझ्या हातचं मला इथे रोज आठवतं. आणि रोज खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठायचं-बसायचं. बाबांनी समोर बसून मोजायचं, मग त्यांची पाळी.

बाबा, तुम्ही उपाशी राहू नका. वजन उतरवायच्या नादात जेवण तोडलंत तर राहिलेलं मांसही जाईल. चहातली साखर आणि संध्याकाळचे फरसाण-बिस्किटं तेवढी कमी करा, आणि जेवण झाल्यावर लगेच टीव्हीपुढे न बसता मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन या. पूर्वी सगळे जातच होतात.

मी शनिवारी रात्री पोचते. रविवारी सकाळी तालुक्याच्या लॅबमध्ये दोघांचं रक्त द्यायचंय: उपाशीपोटीची साखर, तीन महिन्यांची सरासरी साखर आणि चरबीची तपासणी. मी फोन करून विचारलंय, साडेसातला उघडतात. रात्री नऊच्या आत जेवून घ्या आणि सकाळी चहा घेऊ नका, फक्त पाणी. परत आलो की आई, तुझी कंबर मोजायची. टेप मी नवी आणते, तुझी कापडी टेप वापरून ताणली गेलीय. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधे लावायची, श्वास सहज सोडून. पोट आत ओढायचं नाही.

बाबांचा पट्टा खुंटीवरच राहू द्या. चांभाराकडे नवीन भोक पाडायला नेऊ नका.

तुमची,
लेक