प्रशिक्षकाची बारा वर्षे कुठे गेली?

मा. संपादक,
स. न.

महिला फुटबॉलची बातमी क्रीडापानावर येते ती बहुधा अंतिम सामन्याच्या दुसऱ्या दिवशी. गोल करणारीचे नाव ठळक, प्रशिक्षकाचे असलेच तर शेवटच्या ओळीत. इंग्लिश प्रशिक्षक एमा हेज यांच्याबाबत तर ‘अडीच महिन्यांत सुवर्ण’ एवढेच लोकांच्या लक्षात राहिले आहे. त्यांच्यावर हा अन्याय आहे, म्हणून हे पत्र.

मे २०२४ च्या अखेरीस त्यांनी अमेरिकेच्या महिला संघाची सूत्रे घेतली आणि १० ऑगस्टला पॅरिसमध्ये ब्राझीलला १-० ने हरवून ऑलिम्पिक सुवर्ण मिळवले, हे खरेच. आदल्या वर्षी हाच संघ विश्वचषकाच्या बाद फेरीतला पहिलाच सामना स्वीडनकडून हरून परतला होता. पण ही किमया अडीच महिन्यांची नव्हे. त्याआधी लंडनच्या चेल्सी क्लबच्या महिला संघात बारा वर्षे गेली आहेत. त्याहीआधी शिकागोच्या क्लबने २०१० मध्ये त्यांना पदावरून काढले होते, आणि घोट्याच्या दुखापतीमुळे खेळाडू म्हणून वाटचाल तर किशोरवयातच थांबली होती.

चेल्सीच्या महिलांना इंग्लंडच्या लीगचे पहिले विजेतेपद मिळाले २०१५ मध्ये, म्हणजे हेज आल्यानंतर तीन वर्षांनी. २०२० ते २०२४ अशी सलग पाच विजेतेपदे त्यापुढची. मला मात्र करंडकांहून मोठे वाटते ते रोजचे काम. खेळाडूंच्या मासिक पाळीच्या चक्रानुसार सराव आखण्याचा निर्णय तिथे झाला. मुलींच्या शरीराचा असा विचार करणारे क्लब तेव्हा फार नव्हते. युरोपातील क्लबांची चॅम्पियन्स लीग तेवढी हुकली. २०२१ च्या अंतिम सामन्यात बार्सिलोनाने ४-० असा धुव्वा उडवला.

राष्ट्रीय संघाचे काम निराळे. खेळाडू रोज समोर नसतात, उणीव दिसली तर दुसऱ्या क्लबकडून कुणी विकत आणता येत नाही. हेज यांनी अॅलेक्स मॉर्गनसारख्या दिग्गज खेळाडूला ऑलिम्पिक संघातून वगळले. १७ दिवसांत सहा सामने, उपांत्यपूर्व आणि उपांत्य दोन्ही जादा वेळेत गेले, तरी सुरुवातीच्या अकरांत त्यांनी फारसे बदल केले नाहीत. पाय थकतील, अशी टीका झाली. कुणाला किती ताणायचे, हा अंदाज क्लबमध्ये वर्षानुवर्षे खेळाडू हाताळूनच येतो, असे माझे ठाम मत आहे.

डच प्रशिक्षक सरीना विगमन यांचेही तेच. आधी शाळेत शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिका, मग सात वर्षे एडीओ डेन हाग क्लब, आणि त्यानंतर नेदरलँड्स व इंग्लंडसह २०१७, २०२२ आणि २०२५ चे युरो, म्हणजे युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेचे, विजेतेपद.

२०२७ चा महिला विश्वचषक ब्राझीलमध्ये होणार आहे. त्याआधी या प्रशिक्षकांच्या क्लबमधील कामावर आपण एक लेखमाला द्यावी, ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक